पंधराच्या जागी तीस

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मुलीपाशी नाही. आम्ही पाच निवृत्त मंडळी रोज संध्याकाळी चौलला देवळाच्या पायरीवर बसतो, तिथे एकमेकांच्या मूळव्याधीपर्यंत सगळं निघतं, पण तिथेही हे निघालेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर तुम्हीही "सर, सर" करत आला असतात आणि माझी जीभ पुन्हा टाळूला चिकटली असती.

गोष्ट फ्यूजची आहे. हसू नका. गाडीत असतो ना, नखाएवढा, रंगीत, दोन पात्यांचा—तोच. एवढ्याशा वस्तूपायी मी एका चांगल्या कारागिराचं नाव घालवलं, आणि परवा तर त्याच्या हातातोंडाशी आलेलं दुकान घालवलं. त्याचं नाव हरेश. रेवदंड्याच्या नाक्यावर पत्र्याच्या शेडमध्ये तो गाड्यांची वायरिंगची कामं करतो. माझा विद्यार्थी. आणि मी कोण? तर छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस! विजेचा धडा शिकवावा तर आमच्याच सरांनी, असं गावात अजून म्हणतात. म्हणोत बापडे.

आता फ्यूज म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय माझ्याने पुढे जाववत नाही. खोड आहे, जाणार नाही. लोकांना वाटतं, फ्यूज गाडीतला दिवा वाचवतो, पंखा वाचवतो, रेडिओ वाचवतो. अहो, नाही! फ्यूज वाचवतो वायर. वायरीला जेवढा प्रवाह सोसतो, त्याच्या आत फ्यूजने मरायचं. त्याचा जन्मच मरण्यासाठी. म्हणून फ्यूज निवडायचा तो वायर बघून. आधी जोडायच्या वस्तूचे वॅट घ्या, बाराने भागा—गाडीची बॅटरी बारा व्होल्टची—किती अँपिअर लागतात ते कळेल. त्यावर पाव हिस्सा जास्त धरा, आणि तेवढं सोसणारी वायर आहे ना, ते बघा. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा, हिरवा तिसाचा. फ्यूजच्या डबीच्या झाकणावर आतून सगळं छापलेलं असतं. आणि पंधराचा सारखा उडत असेल तर? तर कारण शोधायचं. त्याच्या जागी तिसाचा घालायचा नाही. कधीही नाही. कुठल्याही परिस्थितीत नाही. हे वाक्य मी वर्गात टेबलावर हात आपटून म्हणत असे.

बरं. आता कळलं ना, मी कसला गुन्हेगार आहे ते? नाही कळलं? थांबा, सांगतो. सांगायलाच बसलोय.

आठ वर्षांपूर्वी आमच्या मेघनाचं लग्न ठरत होतं. स्थळ पुण्याचं. दोन्ही घरांनी पालीला बल्लाळेश्वराच्या पायाशी भेटायचं, दर्शन घ्यायचं, सुपारी फोडायची आणि तिथूनच आपापल्या घरी परतायचं असं ठरलं. आदल्या आठवड्यात होणाऱ्या व्याह्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आणि शेवटी हळूच म्हणाले, "तुमच्याकडे पापलेट फार छान मिळतं म्हणे."

झालं! माझ्या अंगात संचारलं. माणसाने पापलेट मागावं आणि रेवदंड्याच्या शेजारच्या माणसाने ते देऊ नये? पण चौलहून पाली, पुढे पाली ते पुणे. बर्फाच्या डब्यात पाणी होतं, वास सुटतो. मी आधीच उपकरणांचा शौकीन. गाडीवर चालणारा छोटा फ्रिज मागवला. त्याच्याबरोबर गाडीवर चालणारी किटली आली. बाहेरचा चहा मला सोसत नाही हो. आणि सुनंदाच्या, म्हणजे बायकोच्या, कंबरेसाठी शेकणारी, थरथरणारी एक गादी. आता एवढं सगळं लावायचं कुठे? पुढच्या डॅशबोर्डवरच्या सॉकेटची आणि मागच्या सीटची गाठ पडेना.

सुनंदाचा आक्षेप वेगळाच. "गणपतीच्या दारात मासे नेताय?"

"दारात नाही गं," मी म्हटलं, "डिकीत."

त्यावर ती दोन तास बोलली नाही. पुढे जे झालं ते गणपतीनेच केलं, असं तिचं मत आजही आहे.

निघायच्या आदल्या दिवशी मी गाडी हरेशकडे नेली. मागच्या सीटजवळ एक सॉकेट दे, म्हटलं. त्याने विचारलं, "सर, काय काय लावणार हाव?"

लक्षात घ्या, तो प्रश्न बरोबर होता. तोच प्रश्न विचारायला मी शिकवलं होतं. आणि मी काय सांगितलं? "फक्त फ्रिज." का असं सांगितलं? किटली आणि गादी सांगायची लाज वाटली. तिथे चार टेम्पोवाले उभे होते. सर कंबर शेकायला गादी घेऊन निघाले, हे नाक्यावर कळलं असतं तर पुढची पाच वर्षं माझ्या कंबरेची चौकशी झाली असती. म्हणून फक्त फ्रिज. त्याने हिशोब केला, फ्रिज सुरू होतानाचा झटका धरून त्या बेताची वायर घेतली, पुढच्या डबीतून मागच्या सीटपर्यंत पायपुसण्याखालून नीट ओढली, निळा पंधराचा फ्यूज बसवला. काम असं देखणं की फोटो काढून लावावा. आणि जाताना म्हणाला, "फ्रिजबिगर दुसरं लावू नका. आणि फ्यूज उडलाच तर मोठा घालू नका, सर. तुम्हाला मी काय सांगायचं म्हना!"

तुम्हाला मी काय सांगायचं. हे असं बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मेघना पुढे माझ्याशेजारी, सुनंदा मागे गादीवर, तिच्या बाजूला किटली, डिकीत पापलेट. त्या एका सॉकेटला मी तीन तोंडांचं सॉकेट जोडलेलं. पोयनाडपर्यंत फ्रिज आणि गादी चालली. मग मला चहाची तल्लफ आली. सुनंदाला म्हटलं, किटलीचं बटण दाब. तिने दाबलं, आणि मिनिटभरात सगळं गप्प. फ्रिज बंद, गादी बंद, किटली बंद.

गाडी बाजूला घेतली. डबी उघडली. निळा फ्यूज गेलेला. त्याने आपलं काम केलं होतं, बिचाऱ्याने. मी तोंडी हिशोब केला: किटलीचे सतरा, फ्रिजचे पाच, गादीचे चार. सव्वीस! पंधराच्या वायरीवर सव्वीस! आता शहाण्या माणसाने काय करावं? किटली काढावी, दुसरा निळा घालावा, पुढे जावं. एवढंच. माझ्याकडे निळ्याची आख्खी पुडी होती. पहिलीच्या पोरानेही तेवढं केलं असतं.

पण चहा हवा होता ना! व्याह्यांसमोर गाडीतून वाफाळता चहा काढून द्यायचा, असं चित्र मी चार दिवस रंगवलं होतं. "अहो, हे कसं काय?" असं ते म्हणणार, मग मी त्यांना व्होल्ट आणि वॅट समजावून सांगणार. चहा नाही तर ते चित्र नाही. पुडीत तळाशी एक हिरवा होता. तिसाचा. मी—मी, छत्तीस वर्षं टेबलावर हात आपटणारा मी—इकडे तिकडे पाहिलं आणि तो घातला. मेघनाने विचारलं, "बाबा, तोच घालायचा असतो ना?" म्हटलं, "अगं, तात्पुरता चालतो."

हेच ते. इथवर यायला मला एवढा वेळ लागला.

नागोठणं आलं तरी किटलीतलं पाणी कोमटच. पण सुनंदाची तक्रार सुरू झाली. "अहो, माझ्या पायाखाली शेगडी ठेवलीय का?" म्हटलं, इंजिनची उष्णता आहे. "इंजिन पुढे आहे ना?" म्हटलं, उष्णता मागे वाहते. ती म्हणाली, "बरं बाई, तुम्ही शिकलेले." आणि पाय वर घेऊन बसली. सांगा आता, हिला विज्ञान कुणी शिकवलं? मीच. इतक्या वर्षांत रोज थोडं थोडं, आणि सगळं असंच.

पालीच्या वाहनतळावर व्याही मंडळी आधीच येऊन थांबलेली. मी ऐटीत गाडी लावली, उतरलो, हात जोडले, आणि व्याह्यांचे डोळे माझ्या खांद्यावरून मागे गेले. गाडीच्या मागच्या दारातून धूर निघत होता. सुनंदा आणि मेघना बाहेर उड्या मारून आल्या. होणारा जावई धावला. कुणी "बॅटरी काढा" ओरडतंय, कुणी "पेट्रोल आहे, लांब व्हा!" एका फुलवालीने मात्र बडबड केली नाही. दुर्वा-फुलांवर शिंपडायच्या पाण्याची बादली उचलली आणि मागच्या दारातून सगळी आत ओतली. पुढे वर्षभर आमच्या गाडीच्या सीटच्या फटींतून झेंडूच्या पाकळ्या निघत होत्या.

आणि मी? मी पुढच्या दारातून डबीकडे झेपावलो आणि फ्यूज उपटला. प्रवाह थांबला, धूर थांबला. लोक म्हणाले, सरांचं प्रसंगावधान! व्याह्यांनी पाठ थोपटली. कुणी पाहिलं नाही की त्याच झेपेत मी खिशातला निळा तिथे बसवला, हिरवा मुठीत धरला, आणि मागे वळून तीन तोंडांचं सॉकेट ओढून, किटली आणि गादीच्या वायरी गुंडाळून सीटखाली सारल्या. हिरवा फ्यूज देवळाबाहेरच्या करवंट्यांच्या ढिगात टाकला. एवढी चपळाई माझ्यात आहे हे मला त्या दिवशीच कळलं. बोट भाजलं होतं. सुनंदाने विचारलं तेव्हा म्हटलं, दार तापलं होतं.

मग व्याह्यांनी विचारलं, "वायरिंग कुणाकडून करून घेतली होती?"

मी म्हणालो, "आमच्याकडे हरेश म्हणून आहे. कालच त्याने हात लावला होता."

बघा हं. यात एकही शब्द खोटा नाही. हरेश आहे. कालच हात लावला होता. शाळेत कुणी पोराने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते. पण माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं खोटं विचाराल तर तेच.

आमच्या नशिबाने—नशीब कसलं, माझ्या पापाने—चौलची एक जीप भाविकांना घेऊन तिथे आली होती. ड्रायव्हर पानाची पिंक टाकत सगळं ऐकत होता. आम्ही सुपारी फोडून परत येईपर्यंत रेवदंड्याच्या नाक्यावर सगळ्यांना माहीत: हरेशने सरांची गाडी जाळली. दोघा टेम्पोवाल्यांनी दुसऱ्याच दिवसापासून त्याच्या शेडकडे पाठ फिरवली. पोरं त्याला 'धुऱ्या' म्हणायला लागली. त्याच्या बायकोला बाजारात कुणीतरी विचारलं, "काय गं, आज कुनाची गाडी पेटवली का न्हाय?" हे सगळं मला कळत होतं. मी काय करत होतो? लग्नाच्या पत्रिका लिहीत होतो.

पापलेटाचं काय झालं, विचारताय? व्याह्यांनी नेलं. छान होतं म्हणाले.

चार दिवसांनी, दुपारी, हरेश आमच्या ओटीवर आला. गाडी त्याच्याकडेच ओढून नेली होती. त्याने जळालेली वायर गुंडाळी करून आणली होती आणि तो निळा फ्यूज प्लास्टिकच्या पिशवीत. दोन्ही माझ्यापुढे ठेवलं आणि खाली फरशीवर बसला. चार दिवस झोपला नसावा.

"सर," म्हणाला, "वायर कोळसा झालीय आनि पंधराचा शाबूत हाय. हे व्हतंच कसं? तुम्हीच शिकवलंत, आधी फ्यूज जातो. माझं काय चुकलं ते सांगा. माझा मलाच भरोसा वाटत न्हाय आता. एक वायर जोडली की तीनदा उघडून बघतो."

तिथे सांगायला हवं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर काय झालं असतं? दोन दिवस गाव हसलं असतं. सुनंदा महिनाभर बोलली नसती, आणि ते तर काय, मला सवय होती. पण पुढच्या महिन्यात लग्न. व्याह्यांनी माझ्या प्रसंगावधानाची कीर्ती आख्ख्या नात्यात केलेली. आणि हा माझा विद्यार्थी माझ्याकडे अशा नजरेने बघतोय की जणू उत्तर माझ्या खिशातच आहे. होतंच म्हणा.

मी चष्मा पुसला. वायर उलटीपालटी केली. आणि बोलायला लागलो.

मी म्हणालो, "हरेश, आपण कुठे राहतो? समुद्रकाठी. हवेत काय असतं? मीठ. हे मीठ फ्यूजच्या पात्यांवर हळूहळू बसतं. त्याचा सूक्ष्म थर होतो. तो थर उष्णता शोषून घेतो. त्यामुळे आतली तार उशिरा वितळते. पंधराचा फ्यूज इथे वीस-पंचवीसपर्यंत गप्प बसतो, आणि तोवर वायर जळते."

निव्वळ थापा! एक अक्षर खरं नाही. खाऱ्या हवेने पाती गंजतात, पकड ढिली होते, तिथे उलट गरम होतं, हे खरं. पण फ्यूज मंदावतो? अहो, कसा मंदावेल! पण मी सांगत गेलो. पत्रिकेच्या पाकिटामागे एक सूत्रसुद्धा मांडून दाखवलं. त्यात भागाकार होता, म्हणून ते खरं वाटत होतं.

त्याचा चेहरा उजळत गेला. "म्हंजे माझा हात चुकला न्हाय?"

"नाही रे. हवा चुकली."

"मग उपाय काय, सर?"

आता थापेला उपाय काय असणार? पण शिक्षक आहे मी, प्रश्न अनुत्तरित ठेवता येत नाही. म्हटलं, "एक पायरी खाली यायचं. पंधराच्या जागी दहा. दहाच्या जागी साडेसात." मनात म्हटलं, लहान फ्यूज घातल्याने आग तर लागणार नाही, उडेल तेवढाच. त्याने ते पाकीट घडी करून खिशात ठेवलं. जाताना चहा घेतला. मी गाढ झोपलो त्या दुपारी, खोटं कशाला बोलू.

आणि मग, मंडळी, आमच्या किनाऱ्यावर 'सरांचा नियम' आला.

हरेशने शेडमध्ये पाटीच लावली. नाक्यावर येणाऱ्या प्रत्येकाला तो नियम समजावून सांगे, सूत्रासकट. आधी लोक हसले. मग कळलं की सर म्हणालेत, तेव्हा हसायचे थांबले. टेम्पोवाले परत आले. 'धुऱ्या' बंद झालं. बघा, माझ्या थापेने त्याचं भलंच झालं की, असं मी मनाशी कितीदा म्हटलं असेल! पण गाड्यांचं काय झालं ते ऐका. हॉर्नला पंधराचा हवा, तिथे दहाचा. आमच्याकडचे रिक्षावाले हॉर्नवर अंगठा ठेवतात तो पुढचं गाव येईपर्यंत उचलत नाहीत. फ्यूज टिकणार कसा? रेवदंड्यापासून अलिबागच्या वाटेवर वळणावळणाला मुक्या गाड्या, आणि ड्रायव्हर खिडकीतून हात काढून तोंडाने ओरडतायत. भर पावसात बर्फाच्या टेम्पोचे वायपर बंद, शेजारी बसलेला माणूस बाहेर वाकून फडक्याने काच पुसतोय. नवरदेवाच्या गाडीतली गाणी ऐन वरातीत गप्प. नाक्यावरचा पानवाला फ्यूज ठेवायला लागला, चुन्याच्या डबीशेजारी. लोक पानाबरोबर दोन लाल आणि एक तपकिरी साडेसाताचा घेऊन जायचे. आणि कुणीही, एकानेही कुरकुर केली नाही. "खारी हवा!" म्हणायचे आणि फ्यूज बदलायचे.

दोन वर्षांपूर्वी तर कहर झाला. व्याह्यांनी पुण्याहून मला एक मेसेज पुढे पाठवला. 'समुद्रकाठी गाडी चालवता? सावधान!' असं शीर्षक, खाली माझं सूत्र, आणि शेवटी 'निवृत्त विज्ञान शिक्षक, चौल'. व्याह्यांनी वर लिहिलं होतं, 'अभिमान वाटतो.' मी हात जोडलेलं चित्र पाठवलं.

नियम मागे घ्यायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. पण कसा? खरं सांगून नव्हे, हं! एकदा हरेशला म्हटलं, "अरे, हल्लीचे फ्यूज सुधारलेत. खारं सोसतात. आता पंधराच्या जागी पंधराच घालत जा." म्हणजे एक थाप उतरवायला दुसरी थाप. तो हसला. म्हणाला, "सर, तुम्ही माझा तरास बघून बोलताव. पन नेम तो नेम." आता याला काय करायचं?

गेल्या पावसाळ्यानंतर त्याच्याकडे एक संधी आली. विजेवर चालणाऱ्या रिक्षांचं दुरुस्ती केंद्र एक कंपनी रेवदंड्यात काढणार होती. चांगलं पक्कं दुकान, कंपनीची अवजारं, आणि चालवायला इथलाच माणूस. पनवेलला त्यांचं प्रशिक्षण आणि शेवटी परीक्षा. आमच्या भागातून एकालाच घेणार होते. हरेशचं वय आता चाळीस. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात त्याच्या अंगाची लाही होते, पावसात गुडघाभर पाण्यात उभं राहून तो काम करतो. हे दुकान त्याला किती हवं होतं ते मी पाहिलंय. तीन आठवडे रोज संध्याकाळी आमच्या ओटीवर अभ्यासाला यायचा. आणि काय सांगू, फार हुशार आहे हो! मोटार, बॅटरी, कंट्रोलर, सगळं एकदा सांगितलं की पुरे. मला वाटत होतं, हा पास होईल, पक्क्या दुकानात बसेल, आणि माझं एवढंसं पाप त्यात बुडून जाईल. रोज वाटायचं, आज सांगावं, फ्यूजचं तेवढं वेगळं आहे बाबा. रोज वाटायचं, परीक्षेत फ्यूजवर कोण विचारतंय! उद्या सांगू.

मागच्या मंगळवारी परीक्षा झाली. बुधवारी सकाळी तो आला. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. सुनंदाने चहा आणला, तो त्याने बशीत ओतून सावकाश घेतला. मग सांगायला लागला. लेखी उत्तम. प्रत्यक्ष कामात सगळ्यांत पहिला. तोंडी परीक्षेत साहेबाने सहज विचारलं, या वायरीला कितीचा फ्यूज? हरेशने बरोबर आकडा सांगितला, आणि मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाला, पण आमच्या किनाऱ्यावर एक पायरी खालचा. साहेबाने विचारलं, का? हरेशने फळ्यावर जाऊन सूत्र मांडून दाखवलं.

तिथे बसलेले तिघेही हसले म्हणे. पण साहेब भला माणूस असावा. त्याने दहा मिनिटं समजावलं की असं काही नसतं. शेवटी म्हणाला, तुला घ्यायचंच आहे आम्हाला. पण असं चुकीचं डोक्यात ठेवून कंपनीच्या गाड्यांना हात लावू देता येणार नाही. आमच्या सरांचं चुकलं, एवढं म्हण आणि मोकळा हो.

"मी न्हाय म्हटलं, सर," हरेश म्हणाला. "त्यांनला काय ठावं, तवा माझी काय दशा झाली व्हती? सगळ्या गावानं मला आगलाव्या ठरवला. तुम्ही एकट्यांनी मला सांगितलं, तुझा हात चुकला न्हाय. तेवढ्यावर मी आठ वर्सं उभा हाव. तुम्हाला खोटं पाडून मला दुकान नको." मग बशी खाली ठेवली. "दुसऱ्याला दिलं त्यांनी. देवोत. मी बरोबर केलं ना, सर?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. अक्षरशः तयार होतं. हरेश, तो फ्यूज पंधराचा नव्हताच. पाच शब्द. मी तोंड उघडलंसुद्धा. अजून वेळ होता, पनवेल काही विलायत नाही, मी स्वतः जाऊन त्या साहेबाला सांगितलं असतं तर त्याने कदाचित ऐकलं असतं. सुनंदा दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. पोराच्या निष्ठेने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"बरोबर केलंस," मी म्हणालो.

त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.